एम-३५ : निकाली लष्करी ट्रकाची पुनर्बांधणी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याची रसद वाहणाऱ्या जनरल मोटर्सच्या ट्रकांची जागा घेण्यासाठी मिशिगन राज्यातील लान्सिंग येथील रिओ कंपनीने १९४९-५० च्या सुमारास जो अडीच टनी ट्रक उभा केला, तो एम-३५ मालिकेचा मूळपुरुष होय. पुढे स्टुडबेकर, कायझर जीप आणि एएम जनरल या कंपन्यांनीही तो बांधला, दक्षिण कोरियात किआ कंपनीने त्याच धर्तीवर आपल्या सैन्यासाठी ट्रक काढला, व्हिएतनामच्या युद्धात तर त्याच्या हौद्याभोवती पोलादी पत्रे आणि वर मशीनगन बसवून सैनिकांनी त्याचे संरक्षक वाहन केले. अमेरिकी सैन्याने तो सुमारे अर्धशतक वापरला आणि नव्वदच्या दशकात नव्या ट्रकांचा पुरवठा सुरू झाल्यावर हळूहळू निकाली काढला. या निकाली काढलेल्या ट्रकांपैकी अनेक आज खाजगी मालकांकडे आहेत. काही शेतावर राबतात, काही संचलनांत मिरवतात, आणि कित्येक कुठल्यातरी आवारात गवतात उभे राहून दुरुस्तीची वाट पाहतात. अशा ट्रकाला उचलून आणणे आणि पुन्हा चालता करणे हे काम नेमके कसे चालते, त्यात काय आधी आणि काय नंतर करावे लागते, याचा विचार येथे केला आहे.

‘अडीच टन’ हा आकडा रस्ता सोडून चिखलातून, वाळूतून किंवा चढउतारावरून जाताना वाहावयाच्या भाराचा आहे. हा भार सुमारे २,२७० किलो असून पक्क्या रस्त्यावर त्याच्या दुपटीची मुभा असते. रिकाम्या ट्रकाचेच वजन सहा टनांच्या आसपास भरते. पुढे एक आणि मागे दोन अशा तीन आसांना इंजिनाची ओढ मिळते, मागच्या दोन्ही आसांवर जोडचाके असल्यामुळे एकूण टायर दहा होतात. जुन्या प्रकारच्या गाड्यांत पुढच्या आसाची ओढ कायम जोडलेली नसते. मागची चाके घसरून पुढच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरू लागली की ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली ओढ पुढे-मागे वाटून देणारी पेटी, पुढच्या आसाला आपोआप कामाला लावते. नंतरच्या गाड्यांत हेच काम चालक हवेच्या दाबावर चालणाऱ्या खटक्याने करतो.

आरंभीच्या ट्रकांत सुमारे ५.४ लिटरचे पेट्रोल इंजिन होते. साठच्या दशकात त्याजागी बहुइंधनी इंजिन आले आणि हे इंजिन असलेली ट्रकाची ए-२ ही आवृत्ती इतकी रुळली की लिलावात मिळणारा एम-३५ बहुधा ए-२ च असतो. नव्वदच्या दशकात काही गाड्यांना कॅटरपिलरचे इंजिन आणि स्वयंचलित गिअरबॉक्स बसवून ए-३ आवृत्ती काढण्यात आली, पण तिचा स्वभाव वेगळा आहे. पुढील सर्व विवेचन ए-२ ला धरून आहे.

अमेरिकेत लष्कराची जादा किंवा निकाली मालमत्ता विकण्याचे काम संरक्षण रसद यंत्रणेच्या विल्हेवाट विभागाकडे असते आणि प्रत्यक्ष लिलाव करार केलेल्या कंपन्यांमार्फत होतो. खेड्यांतील अग्निशमन दलांना वनखात्यामार्फत असे ट्रक मिळत आले असून गवताळ रानातील वणवे विझवण्यासाठी त्यांच्यावर पाण्याच्या टाक्या बसवलेल्या दिसतात. खाजगी खरेदीदाराच्या दृष्टीने ट्रकाइतकेच महत्त्व ‘प्रमाणित नमुना ९७’ या कागदाला असते, कारण लष्करी वाहनाला नागरी नोंदणीपुस्तक नसते आणि हा दाखला दाखवूनच त्याच्या नावाचे मालकीपत्र काढता येते. दाखला हरवलेला ट्रक कितीही धडधाकट असला तरी तो रस्त्यावर आणणे जिकिरीचे होऊन बसते, म्हणून जाणकार खरेदीदार आधी कागद पाहतो आणि मग इंजिन.

या ट्रकाची दुरुस्ती सामान्य माणसाच्या आवाक्यात राहते याचे कारण त्याच्या आखणीत आहे. तो युद्धासाठी बांधला गेला आणि युद्धात त्याची दुरुस्ती करणारा माणूस बहुधा वर्षभरापूर्वी शेतावर किंवा दुकानात काम करणारा विशीतला तरुण असणार, हे त्याच्या रचनाकारांनी पक्के गृहीत धरले होते. पुढचे मडगार्ड सपाट आणि रुंद आहेत, त्यांवर उभे राहून किंवा बसून इंजिनात हात घालता येतो. बहुतेक भाग नट-बोल्टांनी जोडलेले आहेत. आस, स्प्रिंगचे पाटे, ब्रेक यांत कुठेही झाकपाक नाही, खाली वाकले की जे आहे ते दिसते. आजच्या मोटारीत बिघाड शोधण्यासाठी संगणक जोडावा लागतो, तेथे या ट्रकात डोळा, कान, हात आणि काही जाड पाने पुरतात. दुरुस्ती करणाऱ्याचा असा आधीपासून केलेला विचार हाच या यंत्राचा सर्वांत मोठा गुण मानावा लागेल, आणि पुनर्बांधणी करणाऱ्याने तो ओळखून वागले तर निम्मे काम सोपे होते.

त्या आखणीचा दुसरा अर्धा भाग कागदावर आहे. ट्रकाबरोबर सैन्याने तांत्रिक पुस्तिकांची एक उतरंड तयार केली होती. क्रमांकाच्या शेवटी १० असलेली पुस्तिका चालकासाठी असते आणि तिच्यात गाडी सुरू करण्यापूर्वी, चालू असताना व थांबवल्यावर काय तपासावे हे सांगितलेले असते. २० ची पुस्तिका तुकडीच्या कारागिरासाठी, तर ३४ ची मोठ्या कार्यशाळेसाठी असते. कोणता बोल्ट किती जोराने आवळावा, कोणता भाग कोणत्या क्रमाने सोडवावा आणि किती झीज झाल्यावर तो टाकून द्यावा, हे सर्व तेथे आकृत्यांसह मिळते. वंगण-आदेश नावाच्या वेगळ्या तक्त्यात गाडीवरील ग्रीसचा प्रत्येक बिंदू आणि त्याची पाळी दाखवलेली असते. या पुस्तिका जाड आणि नीरस असल्यामुळे सैनिक त्या वाचत नाहीत हे लक्षात आल्यावर अमेरिकी सैन्याने जून १९५१ पासून ‘पीएस’ नावाचे मासिक काढले, ज्यात देखभालीचे धडे चित्रकथांच्या रूपाने दिले जात. प्रसिद्ध चित्रकथाकार विल आयस्नर यांनी १९७१ पर्यंत त्याची चित्रे सांभाळली. त्याआधी महायुद्धाच्या काळात ‘आर्मी मोटर्स’ या नियतकालिकासाठी त्यांनी जो डोप नावाचा निष्काळजी सैनिक रंगवला होता, जो देखभालीतील प्रत्येक चूक करतो आणि त्याची फळे भोगतो. यंत्राची निगा हा विषय इतक्या कळकळीने आणि इतक्या कलात्मक रीतीने सामान्य वाचकापर्यंत पोहोचवल्याची उदाहरणे फार थोडी सापडतील. जुन्या ट्रकावर काम करणाऱ्याला हे साहित्य आजही उपयोगी पडते, कारण ट्रकाच्या खोडी त्या वेळी होत्या त्याच आता आहेत.

प्रत्यक्ष कामाचा आरंभ ट्रक जेथे उभा असेल तेथेच होतो. अनेक वर्षे न हललेले वाहन पाहताच बॅटऱ्या जोडून सेल्फ मारण्याचा मोह होतो आणि नेमका तोच सर्वांत महागात पडतो. ए-२ ची धुराड्याची नळी टपाच्या बाजूने सरळ उभी वर गेलेली असते आणि तिच्या तोंडावर धुराच्या रेट्याने उघडणारे, एरवी मिटून बसणारे एक झाकण असते. हे छोटे झाकण गंजून पडले किंवा कोणी काढून नेले तर पावसाचे पाणी नळीतून टर्बोचार्जरमध्ये, म्हणजे धुराच्या वेगावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्यात उतरते, आणि तेथून ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यात साचते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. म्हणून सेल्फच्या ताकदीने पिस्टन वर रेटला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि चांगले इंजिन क्षणात निकामी होते. हे टाळण्यासाठी आधी डिपस्टिक ओढून ऑइलमध्ये पाणी आहे का ते पाहतात, इंधनाची नोझल काढून सिलिंडर मोकळे करतात, त्यांत थोडे पातळ तेल सोडून एकदोन दिवस मुरू देतात आणि मग क्रँकच्या पुढच्या नटाला लांब दांडा लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्यांपर्यंत फिरवतात. चार टप्प्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरचे एक आवर्तन पुरे होते, त्यामुळे कुठेही अडसर असेल तर तो हाताला कळतो.

ट्रक घरी आणण्याचे मार्ग दोन. सोयीचा आणि बिनधोक मार्ग म्हणजे खालच्या पातळीच्या मालवाहू ट्रेलरवर चढवून आणणे. त्याला सहा टनांचा भार आणि वाहनाची उंची यांचा हिशेब आधी करावा लागतो, आणि बसलेल्या ब्रेकमुळे चाके फिरत नसतील तर ती मोकळी करण्यातच बराच वेळ जातो. दुसरा मार्ग दुसऱ्या वाहनामागे ओढत आणण्याचा. त्यात प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ओढ आसांपर्यंत नेणारे फिरते दांडे, सोडवून ठेवणे आवश्यक असते, कारण इंजिन बंद असताना चाकांकडून उलटी फिरणारी पेटी आतल्या भागांना नीट वंगण देऊ शकत नाही आणि काही मैलांतच तिची बेअरिंग जळतात. स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनाने तो लांब पल्ला गाठत घरी यावा ही कल्पना अनेक नव्या मालकांना भुरळ घालते. परंतु अनोळखी ब्रेकच्या भरवशावर सहा टन लोखंड रहदारीत नेणे हा इतरांच्या जिवाशी खेळ आहे आणि त्याचे कौतुक होऊ नये.

या ट्रकाचे इंजिन हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. सहा सिलिंडरचे, सुमारे ७.८ लिटरचे हे इंजिन डिझेलवर उत्तम चालते, पण रॉकेल, विमानांचे जेट इंधन आणि अडचणीच्या वेळी पेट्रोलही त्याला चालावे अशी त्याची घडण आहे, कारण युद्धात पुढच्या ठाण्यावर कोणता साठा शिल्लक असेल याचा नेम नसतो. साध्या डिझेल इंजिनात इंधनाचा बारीक फवारा तापलेल्या हवेत सोडला जातो आणि तो बराचसा एकदम पेट घेतो. डिझेलचा ओळखीचा खडखडाट त्यातूनच येतो. पेट्रोल नुसत्या दाबाने सहजी पेटत नाही, उशिरा पेटते आणि मग एकदम भडकते, म्हणून साधे डिझेल इंजिन ते सहन करू शकत नाही. जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या मान कंपनीत झिगफ्रीड मॉयरर यांनी पन्नासच्या दशकात यावर जो तोडगा काढला, त्यात पिस्टनच्या माथ्यावर गोलाकार पोकळी ठेवून इंधन मुख्यतः तिच्या तापलेल्या भिंतीवर पातळ थरासारखे पसरवले जाते. फार थोडे इंधन हवेत पेटते आणि बाकीचे भिंतीवरून हळूहळू वाफ होऊन, घुसळणाऱ्या हवेत मिसळत जळते. ज्वलन असे क्रमाने झाल्यामुळे इंजिनाचा आवाज मऊ राहतो आणि इंधनाच्या जातीबद्दल त्याची तक्रार कमी होते. अमेरिकेतील कॉन्टिनेंटल कंपनीने हीच पद्धत घेऊन एम-३५ चे बहुइंधनी इंजिन बांधले. त्यात दाबाचे प्रमाण २२ ला १, म्हणजे सिलिंडरभर हवा बाविसाव्या हिश्शाइतक्या जागेत कोंबली जाते. भारतीय वाचकाला मान हे नाव परके नाही, कारण १९५९ पासून जबलपूरला तयार होऊ लागलेला आणि पुढे अनेक दशके भारतीय सैन्याचा भार वाहणारा शक्तिमान ट्रकही याच कंपनीच्या परवान्यावर बांधलेला होता.

बहुइंधनी क्षमतेची किंमत इंधनपंपाच्या गुंतागुंतीने मोजावी लागते. अमेरिकन बॉश कंपनीच्या या पंपात सहा सिलिंडरसाठी सहा दट्टे नसून एकच दट्ट्या वरखाली होत असतानाच स्वतःभोवती फिरतो आणि पाळीपाळीने सहाही नळ्यांना इंधन देतो. दट्ट्या आणि त्याची नळी यांतील फट इतकी सूक्ष्म असते की डिझेलचा वाळलेला चिकट थर किंवा गंजाचा एखादा कण त्याला जागीच धरून ठेवतो. बरीच वर्षे उभ्या राहिलेल्या ट्रकात हा दट्ट्या अडकलेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि तो अडकलेला असताना इंजिन जोराने फिरवले तर पंपाच्या आतील भाग तुटू शकतात. म्हणून पंपाचे वरचे तोंड उघडून, इंजिन हाताने फिरवत, दट्ट्या हलतो की नाही हे डोळ्यांनी पाहणे हीच योग्य रीत आहे. हलत नसेल तर तो भाग काढून स्वच्छ इंधनात भिजवतात, हळुवारपणे मोकळा करतात. ठोकाठोक करणाऱ्याला मात्र नवा भाग विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत अनेकदा ट्रकाच्या लिलावाच्या बोलीशी स्पर्धा करते.

याच पंपाला घनता-समायोजक नावाचे एक उपकरण जोडलेले असते. पेट्रोल पातळ असते आणि त्याच्या एका लिटरात डिझेलपेक्षा कमी ऊर्जा असते, त्यामुळे तेवढीच ताकद मिळवायची तर पंपाने अधिक इंधन द्यावे लागते. आलेले इंधन किती दाट आहे हे ओळखून पंपाची कमाल मर्यादा पुढे-मागे सरकवणे हे या उपकरणाचे काम. त्यातील पडदा जुना होऊन फाटला की इंधन गळून थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये जाऊ लागते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसणे आणि तिला डिझेलचा वास येणे ही त्याची खूण असून पातळ झालेले ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही. केवळ डिझेलवर गाडी चालवणारे बहुतेक मालक या उपकरणाला वळसा घालून नळी जोडतात, आणि मूळ स्वरूपाबद्दल कितीही आग्रह धरला तरी हा बदल समंजसपणाचाच म्हणावा लागतो. याउलट वापरलेले ऑइल, तळणीचे तेल, जे हाताशी येईल ते टाकीत ओतण्याची जी सवय या ट्रकाच्या काही चाहत्यांना लागली आहे, तिचे समर्थन करता येत नाही. इंजिन ते जाळते हे खरे, परंतु त्यातील पाणी आणि धातूचा चुरा पंपाला सोसत नाही.

टाकी, तिच्या आत बुडालेला विजेचा पंप आणि तीन टप्प्यांचे फिल्टर स्वच्छ केल्यावर नळ्यांमधील एअर काढावी लागते, कारण इंधनात हवेचे बुडबुडे असले तर दाब तयार होत नाही. यानंतरच पहिल्यांदा सेल्फ मारायचा. या गाडीला किल्ली नाही. एक खटका वीज सुरू करतो, एक बटण सेल्फ फिरवते आणि इंजिन बंद करण्यासाठी इंधन तोडणारी एक वायर ओढावी लागते. ठिणगीवर चालणारे इंजिन वीज तोडली की थांबते, डिझेल थांबत नाही. पंपाची मात्रा ठरवणारा दांडा गंजून पूर्ण उघड्या अवस्थेत अडकला असेल तर इंजिन सुरू होताच बेफाम वेग घेते, आणि २,६०० फेऱ्यांची मर्यादा ओलांडली की कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर येण्यापर्यंत मजल जाते. म्हणून पहिल्या वेळी हवेच्या नळीचे तोंड मोकळे ठेवून शेजारी एक माणूस जाड सपाट फळी घेऊन उभा राहतो. वेग आवरला नाही तर ती फळी तोंडावर दाबून तो इंजिनाची हवा तोडतो. हाताने किंवा चिंधीने हे कधीही करू नये, कारण त्या तोंडाची ओढ दोन्ही आत घेते.

इंजिन सुरू झाल्याचा आनंद मोठा असतो, टर्बोची ती वैशिष्ट्यपूर्ण शिट्टी ऐकण्यासाठीच अनेक जण हा ट्रक घेतात. तरीही या गाडीचे खरे मर्म ब्रेकमध्ये आहे आणि पुनर्बांधणीचा क्रम तेथूनच ठरायला हवा. एम-३५ ए-२ चे ब्रेक हवेवर साहाय्य घेणारे द्रवब्रेक आहेत. पायाखालचा मास्टर सिलिंडर द्रव ढकलतो, तो द्रव एअरपॅक नावाच्या नळकांड्यात जातो, तेथे इंजिनावरच्या कॉम्प्रेसरने भरलेली हवा त्याच्या मागे जोर लावते आणि वाढलेल्या दाबाचा द्रव सहाही ड्रममधील व्हील सिलिंडरांकडे जातो. हवा संपली तरी पेडल काही प्रमाणात काम करते, पण अतिशय जड होते. म्हणूनच दाब चौरस इंचाला सुमारे ६० पौंडांच्या खाली गेला की डॅशवरचा भोंगा वाजत राहतो आणि तो थांबेपर्यंत गाडी हलवायची नसते. यातील गंभीर उणीव अशी की द्रवाचा मार्ग सर्व चाकांना मिळून एकच आहे. आजच्या वाहनांत मार्ग दोन भागांत विभागलेला असतो आणि एक फुटला तरी दुसरा उरतो. येथे एका चाकाची रबरी नळी फुटली, एका व्हील सिलिंडरची वाटी फाटली, तरी पेडल थेट फळीला टेकते आणि कुठलाच ब्रेक राहत नाही. उरतो तो हातब्रेक, आणि तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या एका ड्रमवर असतो. उभी गाडी धरण्यासाठी तो आहे, धावती गाडी थांबवण्यासाठी नाही.

अशा परिस्थितीत जुने भाग ‘चालतात’ एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे ठरते. दहाही चाके उतरवून, ड्रम काढून, सर्व व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि रबरी नळ्या नव्या बसवणे, पोलादी नळ्या चौकटीला घासतात त्या प्रत्येक ठिकाणी तपासणे, एअरपॅक उघडून त्याची रबरे बदलणे, हे काम कंटाळवाणे आणि हात काळे करणारे असले तरी ते टाळून पुढे जाता येत नाही. द्रवाबद्दलही काळजी घ्यावी लागते. सामान्य ब्रेक-ऑइल हवेतील दमटपणा शोषून घेते आणि उभ्या गाडीत आतून गंज धरतो, म्हणून ऐंशीच्या दशकाच्या आरंभी अमेरिकी सैन्याने पाणी न शोषणारा सिलिकोनचा द्रव स्वीकारला. हे दोन द्रव एकमेकांत मिसळू देऊ नयेत, प्रकार बदलायचा तर आधी सर्व मार्ग पुरता धुऊन काढावा. हवेच्या टाक्यांच्या तळाशी रोज पाणी जमते, ते रोज सोडावे लागते.

ड्रम उघडले म्हणजे हबचे ऑइल सील आणि बेअरिंग यांचीही वेळ आलेली असते. सील झिजले की आसाचे दाट ऑइल ब्रेकच्या लायनरवर येते आणि बुळबुळीत लायनर ड्रमला धरत नाही, म्हणजे पुन्हा प्रश्न ब्रेकचाच. चाके सोडवताना नवख्याची फसगत होते ती आट्यांमुळे. या ट्रकाच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टांना उलटे आटे असतात, फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून. उजव्या बाजूच्या सवयीने डावा नट सोडवायला गेलेला माणूस तो अधिकच आवळत राहतो आणि अखेरीस बोल्ट तोडतो.

चाकांच्या रिंगा हा तर जिवाचा प्रश्न आहे. मूळच्या २० इंची चाकांत ट्यूबचा टायर एका बाजूने चढवून त्याच्या कडेला पोलादाची वेगळी लॉक-रिंग बसवलेली असते आणि आतल्या हवेच्या दाबानेच ती जागेवर राहते. रिंग वाकलेली, गंजलेली किंवा नीट न बसलेली असली तर हवा भरताना ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. महाराष्ट्रातील हमरस्त्यांवरच्या टायरच्या दुकानांतही जुन्या मालट्रकांच्या अशाच रिंगा उडून माणसे दगावली आहेत, त्यामुळे येथील कारागिरांना हा धोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मजबूत लोखंडी पिंजऱ्यात चाक ठेवून, लांब नळीने, बाजूला उभे राहून हवा भरणे आणि चाक सोडवण्यापूर्वी टायरची सगळी हवा काढणे, या दोन नियमांना अपवाद नाही. खाचा खोल दिसणारा लष्करी टायर वयाने तीस-चाळीस वर्षांचा असू शकतो. त्याच्या बाजूला बारीक चिरा असतील तर त्याला रस्त्यावर स्थान नाही.

विजेची व्यवस्था २४ व्होल्टची, १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून केलेली. तारांचे जोड रबरी आवरणात बंद असल्यामुळे ही गाडी विशेष सामग्रीशिवाय सुमारे पाऊण मीटर आणि सामग्री लावून सुमारे १.८ मीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, आणि याच बंदिस्तपणामुळे कित्येक दशकांनंतरही मूळ तारा बऱ्याचदा शाबूत सापडतात. बिघाड बहुधा चौकटीला जोडलेल्या अर्थिंगच्या ठिकाणी गंज धरल्याने होतो. दिव्यांच्या खटक्याला तीन मुठी आहेत, कारण शत्रूला दिसू नये असे अंधूक युद्धदीप आणि नेहमीचे दिवे चुकून एकमेकांच्या जागी लागू नयेत; एक मूठ सोडल्याशिवाय दुसरी फिरत नाही.

केबिनच्या फरशीतला गंज, हौद्याचे पत्रे आणि ताडपत्री यांचे काम कोणत्याही जुन्या ट्रकासारखेच असते. रंगाबाबत मात्र घाई होते. नव्या चकचकीत हिरव्या थराखाली मूळ तुकडीचे क्रमांक, जुन्या रंगांचे थर आणि दुरुस्त्यांच्या खुणा गाडल्या जातात, आणि एकदा घासून टाकल्यावर त्या परत मिळत नाहीत. त्या आधी छायाचित्रांत टिपून ठेवल्या तर गाडी कोणत्या तुकडीत होती याचा माग काढता येतो. डॅशवरच्या धातूच्या पट्ट्यांवर बांधणीचा क्रमांक, गिअरनिहाय वेगमर्यादा आणि चालणारी इंधने कोरलेली असतात. या पट्ट्या काढून विकणाऱ्यांनी अनेक गाड्यांची ओळख पुसली आहे, आणि संग्राहकांनी तरी त्या सुट्या विकत घेणे थांबवावे.

सर्व जोडणी झाल्यावरची पहिली चाचणी बंद आवारात, रिकाम्या गाडीने आणि कमी वेगाने घेतात. हवेचा दाब पूर्ण भरू देऊन, उभ्या गाडीत पेडल मिनिटभर दाबून ते खाली सरकते का हे पाहतात, मग चालण्याच्या वेगात पुन्हा पुन्हा थांबून बघतात. काही किलोमीटरनंतर उतरून प्रत्येक हबजवळ हात नेतात; एखादा इतरांपेक्षा फार तापला असेल तर तेथे ब्रेक धरून राहिला आहे किंवा बेअरिंग गरजेपेक्षा घट्ट आवळले गेले आहे. चाकांचे नट त्याच दिवशी पुन्हा आवळतात, आतल्या चाकाचे आधी आणि बाहेरच्याचे नंतर, आणि ते बसेपर्यंत पुढच्या प्रत्येक फेरीनंतर हेच करतात. ऑइल आणि फिल्टर नेहमीच्या मुदतीची वाट न पाहता लवकर बदलतात, कारण वर्षानुवर्षे तळाशी बसलेला गाळ इंजिन चालू झाल्यावरच सुटतो. यानंतर ट्रक वंगण-आदेशाच्या वेळापत्रकावर जातो आणि त्यातल्या नोंदी मालकाच्या वहीत दर पाळीला तारखेसह उतरत राहतात.